तीन छत्र्या, एकच बॉक्स: चार पोर्टच्या डायसेक स्विचचा रिव्ह्यू

ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. घरात सेट-टॉप बॉक्स एक अन् टीव्हीच्या छत्र्या दोन-तीन असतील तर चार पोर्टचा डायसेक स्विच, म्हणजे चार छत्र्यांतली पाहिजे ती एका बॉक्सला जोडून देणारी डबी, बिनधास्त घ्या, पैसे वसूल होतात, फक्त घेताना मल्टीमीटर लावून बघा, का ते पुढं सांगतो. आणि छत्री एक, टीव्ही दोन असा मामला असेल तर हा स्विच तुमच्या कामाचा नाही, दुकानदार काही का सांगेना.

आता सविस्तर. आम्ही उदगीर तालुक्यातले, इथून कर्नाटकची हद्द जवळ अन् तेलंगण पण काही लांब नाही. आप्पांना सह्याद्रीच्या बातम्या अन् डीडी किसान लागतंय, आईचं माहेर बिदरकडचं त्यामुळं तिला कन्नड-तेलुगू दोन्ही कळतंय अन् तिकडच्या बातम्या बघितल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नाही, पोरांचं काय ते विचारूच नका. फ्री डिश घरात आधीपासून आहे, महिन्याचं रिचार्ज नाही की काही नाही, ९३.५ अंश पूर्वेला जीसॅट-१५ उपग्रह आहे त्याच्यावरून येतंय, दोन फुटाची छत्री आग्नेयेला तोंड करून लावली की काम झालं. दुसरी आहे आठ फुटाची जाळीची छत्री, गावातल्या केबलवाल्यानं धंदा गुंडाळला तेव्हा भंगाराच्या भावात मिळाली, ती ८३ अंशावर लावलीय, जीसॅट-३० वर. तिथं आधी इन्सॅट-४ए होता, २०२० ला त्याच्या जागी जीसॅट-३० गेला, जागा तीच राहिली म्हणून त्या काळात कुणाला छत्र्या हलवाव्या लागल्या नाहीत. तिसरी सहा फुटी, खास आईसाठी, ६६ अंशावर इंटेलसॅट-१७ कडं, दक्षिणेतले बरेच चॅनल तिथं आहेत, फुकटचे कमी-जास्त होत राहतात, आज दिसलेला उद्या स्क्रॅम्बल म्हणजे कुलूपबंद होतो, पण बातम्यांचे काही ना काही सापडतंयच.

म्हणजे स्लॅबवर एक छत्री आग्नेयेला बघायलीय, एक दक्षिणेला पण जरा पूर्वेकडं झुकून, अन् एक दक्षिण-पश्चिमेला. खाली टीव्ही एक, बॉक्स एक. पहिले काय व्हायचं, तीन वायरी खिडकीतून आत लोंबकळायच्या अन् ज्याला जे बघायचंय त्यानं बॉक्सच्या मागची पिन काढायची अन् दुसरी लावायची. बॉक्सच्या सॉकेटचे आटे त्यात घासून गेले अन् आप्पांचा आवाज चढायला लागला.

तर मी बाजारात गेलो, म्हणलं "दादा, तीन छत्र्या एका बॉक्सला जोडायच्यात, स्विच द्या." दुकानदारानं शोकेसमधनं एक चपटा चांदीच्या रंगाचा डबा काढून दिला, एक तोंड इकडं, तीन तोंडं तिकडं. दिसायला सेम. तो स्प्लिटर होता, केबलवाले एक लाइन तीन घरात वाटायला वापरतेत तो. मी म्हणलं हे ते नाही, तर म्हणतो "एकच है भाई, उलटा लगाव, चलतंय." नाही चलत. स्प्लिटर उलटा लावला तर तिन्ही छत्र्यांचा सिग्नल एकमेकात मिसळून खिचडी होते, कारण तिन्ही एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसवलेलं सिग्नल पकडणारं यंत्र, शेवटी वायरीत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ याच पट्ट्यात सिग्नल सोडतेत. बॉक्सला कळणार कसं कुठला कुणाचा? स्विचचं कामच हे की एका वेळी एकच छत्री बॉक्सला जोडायची अन् बाकीच्यांचं तोंड बंद ठेवायचं. त्या दुकानाचं नाव घेत नाही, पण असली दुकानं प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, त्यामुळं मागताना "चार पोर्टचा डायसेक १.०" असं पूर्ण नाव घेऊन मागा अन् डब्यावर ते छापलेलं बघा.

हे चालतंय कसं ते जरा समजून घेतलं की पुढचे निम्मे प्रॉब्लेम घरीच सुटतेत. बॉक्समधून छत्रीकडं जी वायर जाते तिच्यातून खाली नुसता सिग्नल येत नाही, वर करंट पण जातो. बॉक्सनं एलएनबीला १३ व्होल्ट दिले की तो व्हर्टिकलचे म्हणजे उभ्या लहरींचे चॅनल पकडतो, १८ दिले की हॉरिझॉन्टलचे म्हणजे आडव्या लहरींचे. त्याच वायरीवर बॉक्स २२ किलोहर्ट्झचा एक बारीक टोन पण सोडू शकतो, तो केयू बँडच्या (फ्री डिशसारख्या लहान छत्र्यांचा पट्टा) युनिव्हर्सल एलएनबीला सांगतो की ११.७ गिगाहर्ट्झच्या वरचा पट्टा दे. म्हणजे १३-१८ चे दोन इशारे अन् टोन आहे-नाहीचे दोन, एवढ्यावर एक एलएनबी पूर्ण चालतो. मग चार छत्र्यांतली कुठली पाहिजे हे सांगायला इशारा उरलाच नाही. इथं युटेलसॅट या युरोपातल्या सॅटेलाइट कंपनीवाल्यांनी डोकं लावलं, नव्वदच्या दशकात, त्यांनी तोच २२ किलोहर्ट्झचा टोन तुटक-तुटक करून त्यातून आकडे पाठवायचं ठरवलं. दीड मिलीसेकंदात एक बिट, टोन लांब असेल तर शून्य, आखूड असेल तर एक. चॅनल बदलला की बॉक्स चार बाइटचा एक निरोप वर पाठवतो, पॅरिटी म्हणजे तपासणीचे बिट धरून सगळा मिळून साधारण ५४ मिलीसेकंदाचा, स्विचमधली छोटी चिप तो वाचते अन् सांगितलेला पोर्ट चालू करते. ना वेगळी वायर, ना वेगळा अ‍ॅडॉप्टर. इतकी हुशारी अन् किंमत शे-दोनशे रुपये, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतंय.

मी तीन प्रकारचे स्विच वापरून बघितलेत, आता त्यांच्याबद्दल.

पहिला दोन पोर्टचा २२ किलोहर्ट्झवाला टोन स्विच. हा डायसेक नाही, साधा आहे, टोन नसेल तर एक पोर्ट, टोन असेल तर दुसरा. दोनच छत्र्या असतील, एक फ्री डिश अन् एक सी बँडची (मोठ्या छत्र्यांचा पट्टा) मोठी, तर हा एकदम मस्त चालतो, कारण फ्री डिशचे चॅनल ११.७ च्या खालच्या पट्ट्यात आहेत, त्याला टोन लागतच नाही, अन् सी बँडच्या एलएनबीला टोनचं काही देणंघेणं नाही. बॉक्समध्ये फ्री डिशला एलएनबी ९७५० सिंगल टाकायचं अन् २२के बंद, मोठ्या छत्रीला ५१५० टाकायचं अन् २२के चालू. पण उद्या तुम्ही केयू बँडची असली छत्री जोडली जिचे चॅनल वरच्या पट्ट्यात आहेत, तर तिच्या एलएनबीला पण टोन पाहिजे अन् स्विचला पण पाहिजे, मग दोघांची ओढाताण. माझ्याकडं तीन छत्र्या म्हणल्यावर हा आपोआप बाद झाला, शेजारच्या काकांना दिला, त्यांच्याकडं निवांत चालायलाय.

दुसरा बाजारातला बिनानावाचा चार पोर्टचा, १२० रुपयाला घेतला. लोखंडी डबी, वर कागदी स्टिकर, स्टिकरवर इंग्रजीच्या स्पेलिंगची वाट लागलेली. लावल्यावर चालला. फ्री डिश झकास, आठ फुटीचे चॅनल पण आले, पण आठ फुटीवरचे काही चॅनल चौकोन-चौकोन व्हायचे, थेट वायर जोडली की साफ दिसायचे. मिस्त्री आला, म्हणला छत्री हललीय, परत अलाइन करावी लागतीय, पाचशे रुपये. मी म्हणलं थांबा जरा.

मल्टीमीटर काढला. स्विचच्या चारही तोंडांच्या वायरी सोडल्या, बॉक्सवर पोर्ट दोनचा चॅनल लावला अन् एकेका तोंडाच्या मधल्या भोकात लाल सुई अन् बाहेरच्या आट्याला काळी सुई, हलक्या हातानं, शॉर्ट होऊ न देता. पोर्ट दोनवर १८ च्या आसपास यायला पाहिजे ते आलं. तीन अन् चारवर जवळपास शून्य, ते पण बरोबर. पोर्ट एकवर मात्र ११ व्होल्ट. तो पोर्ट बंद असायला पाहिजे होता. म्हणजे आठ फुटी छत्री बघत असताना फ्री डिशचा एलएनबी पण अर्धवट जागाच राहायचा अन् आपला सिग्नल सोडत बसायचा. आता गंमत बघा, फ्री डिशचा ११०९० मेगाहर्ट्झचा ट्रान्सपॉन्डर म्हणजे चॅनलांचा एक गठ्ठा एलएनबीतून खाली येताना ९७५० वजा होऊन १३४० मेगाहर्ट्झवर येतो. सी बँडमध्ये उलटं, ५१५० मधून वजा करायचं, म्हणजे ३८१० च्या आसपास जे काही असेल ते पण वायरीत १३४० लाच येऊन बसतंय. एकाच खुर्चीवर दोघं. अन् फ्री डिश ताकदीची, त्यामुळं थोडीशी गळती झाली तरी ती सी बँडच्या नाजूक सिग्नलला दाबते. सगळे चॅनल खराब नव्हते, ठराविकच खराब होते, ते यामुळं. मिस्त्रीला हे दाखवलं तर म्हणला "सायब, तुम्हीच लावा मग." पाचशे वाचले.

स्वस्तातले सगळेच स्विच असे निघतेत असं मी म्हणणार नाही, त्याच डब्यातला दुसरा कदाचित चांगला निघाला असता. म्हणूनच मल्टीमीटर. अडीचशे-तीनशेचं मीटर घरात असलंच पाहिजे, मोटारीच्या स्टार्टरला लागतंय, गाडीच्या बॅटरीला लागतंय, तेच इथं कामी येतंय.

तिसरा, जो आता वर बसलेला आहे, तो ऑनलाइन मागवला, २८० रुपये. याला वरून प्लास्टिकची टोपी येते, पाऊस थेट पिनांवर पडू नये म्हणून, अन् खांबाला बांधायला पट्टी. आतला डबा झिंकच्या ओतीव धातूचा वाटतोय, कडेला डाग देऊन बंद केलेला, वजनाला पण जड. मीटर लावलं तर चालू पोर्टवर पूर्ण व्होल्टेज, बाकी तिन्हीवर शून्याच्या जवळ. चॅनल बदलताना पोर्ट बदलत असेल तर सेकंदभर काळं होतंय, तेवढं तर होणारच. आठ फुटीचे ते चौकोनवाले चॅनल आता साफ आहेत, छत्रीला हात पण लावला नाही.

तक्रारी पण सांगतो. टोपीची क्लिप एकदम फालतू, दोन-तीनदा उघडली की कान तुटतो, आमच्या इथल्या मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात प्लास्टिक पापडासारखं कडक होतंय. मी आता तांब्याची तार गुंडाळलीय. दुसरं म्हणजे तोंडं इतकी जवळ-जवळ दिलीत की चार पिना आवळायला बोटं जात नाहीत, अकराचा पाना पण तिरका धरावा लागतो. तिसरं, पोर्टांचे नंबर डब्यावर नुसते उमटवलेत, रंग नाही, उन्हात वर बसून ते वाचता वाचता डोळे फुटतेत. मार्करनं आधी खालीच लिहून घ्या.

एक खोड जवळपास सगळ्याच स्वस्त स्विचमध्ये असते, याच्यात पण आहे. लाइट जाऊन आली की बॉक्स आपोआप चालू होतो, शेवटचा चॅनल लावतो, निरोप पाठवतो, पण तोपर्यंत वरच्या स्विचची चिप झोपेतून उठलेलीच नसते, निरोप हवेत जातो, स्विच बसतो पहिल्या पोर्टवर. आई बघत होती ६६ वरचा चॅनल, आता "सिग्नल नाही." चॅनल एकदा फ्री डिशवर नेऊन परत आणला की येतंय. आमच्याकडं लोडशेडिंग कमी झालीय म्हणतेत, पण झटके तर दिवसातून चालूच असतात, त्यामुळं हे रोजचं झालंय. काही बॉक्समध्ये डायसेकचा निरोप दोनदा पाठवायची सेटिंग असते, ती चालू केली की त्रास संपतो. माझ्या बॉक्सात नाही. म्हणून सोपा उपाय, जी छत्री घरात सगळ्यात जास्त बघितली जाते ती पोर्ट एकला लावायची, लाइट आल्यावर निदान ती तरी आपोआप दिसते. आप्पांची सह्याद्री पोर्ट एकवर.

लावायची पद्धत. स्विच छत्र्यांजवळ लावा म्हणजे खाली एकच वायर आणावी लागते, तिन्ही वायरी खाली आणून टीव्हीमागं स्विच लावला तरी चालतो, पाऊस-उन्हाचं टेन्शन नाही, पण वायरीचा खर्च तिप्पट. मी वर लावलाय, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, तोंडं खाली करून. तोंडं वर ठेवली तर टोपी असो नसो, पाणी वायरीच्या कडेनं उतरून पिनेत जातंयच. प्रत्येक वायरीला पिनेच्या अलीकडं खाली लोंबणारा एक वळसा ठेवा, पाणी त्या वळशातून टपकतंय. पिन बसवताना जाळीचा एक पण केस मधल्या तारेला टेकू देऊ नका, टेकला तर शॉर्ट, अन् बॉक्स चालू असताना पिना काढू-घालू नका, प्लग काढा आधी. हे सगळ्यांना माहीत असतंय पण वर चढल्यावर परत खाली उतरायचा कंटाळा येतो, तिथंच बॉक्सची सप्लाय उडते. जो पोर्ट रिकामा राहतो त्याला टोपण लावा, नसेल तर चिकटपट्टी, नाहीतर मुंग्या अन् कुंभारीण माशी आत घर करते.

वायर चांगली घ्या हे तर कुणीही सांगेल पण का ते सांगत नाहीत. स्वस्तातल्या आरजी-६ म्हणजे छत्रीच्या वायरीत मधली तार तांब्याची नसते, लोखंडावर तांब्याचा मुलामा असतो. सिग्नलला त्यानं फार फरक पडत नाही, पण वर जाणारा करंट त्यात दमतो. एलएनबी साधारण १५ व्होल्टच्या अलीकडं-पलीकडं ठरवतो की हे १३ आहेत का १८. बॉक्स जुना, त्याची सप्लाय मुळात ढिली, त्यात लांब वायर, मध्ये गंजलेले जोड, अन् वर स्विच पण थोडं खातोय, असं सगळं मिळून १८ चे १५ झाले की हॉरिझॉन्टलचे सगळे चॅनल एकदम गायब. लोक म्हणतेत स्विच गेला. फ्री डिशचे चॅनल व्हर्टिकलवर आहेत, ते चालत राहतेत, त्यामुळं संशय अजूनच स्विचवर जातो. अर्धे चॅनल गायब असतील तर आधी वरच्या टोकाला व्होल्टेज मोजा.

बॉक्सच्या मेनूत काय करायचं ते थोडक्यात. प्रत्येक सॅटेलाइटला जाऊन डायसेकच्या ओळीत पोर्ट द्यायचा, काही बॉक्समध्ये ए-बी-सी-डी लिहिलेलं असतंय, काहींत १/४, २/४ असं. टोन बर्स्ट बंद. केयू बँडला एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०-१०६०० युनिव्हर्सल, सी बँडला ५१५०. एलएनबी पॉवर चालू. मग सेव्ह करून स्कॅन. दोन सॅटेलाइटला चुकून एकच पोर्ट दिला गेला तर स्कॅनमध्ये एक रिकामा येतो, एवढं बघा. अन् फ्री डिशचा सगळ्यात जुना एमपेग-२ वाला बॉक्स असेल तर स्विच कितीही भारी लावा, मोठ्या छत्रीवरचे बरेच चॅनल दिसणार नाहीत, त्याला डीव्हीबी-एस२ अन् एमपेग-४ वाला बॉक्स पाहिजे. पैसे भरायच्या डीटीएचच्या बॉक्समध्ये हे मेनू बहुतेक वेळा बंद करून ठेवलेले असतात, त्याला हा स्विच जोडायच्या नादाला लागू नका.

सिग्नल कमी होतो का, हे सगळेच विचारायलेत. होतो. स्विचमधून जाताना दोन-चार डेसिबल जातेत. फ्री डिशवर माझ्या बॉक्सात क्वालिटी ७८ दाखवायची, आता ७५-७६ दाखवते, डोळ्यांना काहीच फरक नाही. सहा फुटीवर मात्र आधीच ५५ च्या आसपास होती, तिथं ते दोन-तीन आकडे जाणवले, एलएनबी थोडा फिरवून अन् मागं-पुढं सरकवून ते परत मिळवले. तुमची क्वालिटी आधीच काठावर असेल तर स्विच लावायच्या आधी छत्री नीट करा, मग स्विच. पावसाळ्यात जोराचा पाऊस आला की फ्री डिश जाते अन् मोठ्या छत्र्या चालू राहतेत, त्यात स्विचचा काही दोष नाही, केयू बँडला पावसाचं वावडं आहेच, सी बँडला तेवढं नाही.

मोठी छत्री असलेल्यांसाठी अजून एक. २०२२ पासून ५जी आलं, त्याला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलाय, अन् आपले जुने सी बँडचे एलएनबी ३४०० पासून ऐकतेत. टॉवर घराच्या जवळ असेल तर एलएनबी त्या गोंगाटात बधिर होतो अन् सगळेच चॅनल एकदम जातेत. आमच्या ओळखीच्या एकानं त्यासाठी लागोपाठ स्विच बदलले. स्विच बदलून काय होणार? त्याला ३७०० ते ४२०० वाला फिल्टर असलेला एलएनबी लागतो, तो लावला की बास.

विजेचं पण सांगायलाच पाहिजे. वळवाचा पाऊस सुरू झाला की मराठवाड्यात विजा कशा पडतेत ते सांगायची गरज नाही. छत्रीवर थेट पडली तर विषयच संपला, पण शेजारच्या शेतात पडली तरी वायरीत झटका येतो अन् सगळ्यात आधी जाते ती स्विचमधली चिप, नशीब वाईट असेल तर बॉक्सचा ट्यूनर पण. छत्रीच्या खांबाला अर्थिंग द्या, अन् ढग वाजायला लागले की बॉक्सची पिन काढून बाजूला ठेवा, नुसतं रिमोटनं बंद करून भागत नाही. स्विच आहे म्हणल्यावर एक फायदा असा की काढायला आता एकच पिन आहे.

कुणी म्हणेल मोबाइलवर सगळं दिसतंय, एवढा खटाटोप कशाला. बरोबर आहे, शहरात बसून बरोबरच आहे. आमच्याकडं दुपारी नेट कधी असतंय कधी नसतंय, अन् आईनं मोबाइलवर बातम्या लावायच्या तर तिला चष्मा, मोबाइल अन् नातू तिन्ही एका जागी सापडावे लागतेत. रिमोटवर नंबर दाबला की चॅनल लागतो, हे तिला जमतंय.

सोळा पोर्टवाल्या डायसेक १.१ च्या मागं पण लोक लागतेत, काही स्विच एकापुढं एक जोडून ते करता येतंय. चारपेक्षा जास्त छत्र्या असतील तरच. प्रत्येक जास्तीच्या स्विचनं थोडा सिग्नल खायचा, थोडं व्होल्टेज खायचं, अन् बिघडलं की शोधायला चार जागा जास्त. बॉक्सनं १.१ चा निरोप पाठवायला पण पाहिजे, मेनूत तसं लिहिलेलं असेल तरच घ्या.

माझा चौथा पोर्ट अजून रिकामा आहे. ६८.५ वर इंटेलसॅट-२० आहे, तो घ्यायची लय इच्छा आहे. पहिले वाटलं सहा फुटीवरच ६६ च्या बाजूला दुसरा एलएनबी बसवू, छत्री वेगळी कशाला. पण हिशोब केला तर अडीच अंशासाठी दोन एलएनबीची तोंडं तीन-एक सेंटीमीटरवर आणावी लागतेत, अन् सी बँडच्या एलएनबीचं तोंडच त्याच्या दुप्पट रुंद. बसत नाही. म्हणजे चौथी छत्री आली. स्विचला जागा आहे, बॉक्सला हरकत नाही, छत्री पण एका ठिकाणी पडलेली बघून ठेवलीय, पण आई म्हणायलीय की अजून एक छत्री वर चढली तर उन्हाळ्यात कुरडया तुझ्या स्विचवर वाळत घालू का.